मुलांना घेऊन रोमला जाताना

आपल्या धर्मग्रामांतून रोमच्या यात्रा निघतात, तेव्हा त्यामागे बहुधा अनेक वर्षांची पुंजी असते. कुणी मुदत ठेव मोडलेली असते, कुणी आखातातील नोकरीतून थोडे थोडे बाजूला ठेवलेले असते, तर कुणाच्या घरी आईवडिलांच्या विवाहाचा सुवर्णमहोत्सव हे निमित्त असते. या यात्रांत आजीआजोबांच्या बरोबरीने शाळकरी मुलेही असतात. आमच्या परिचयातील एक आठ वर्षांचा मुलगा अशाच एका यात्रेहून परतला. रोममध्ये काय पाहिलेस, असे आम्ही त्यास कौतुकाने विचारले. त्याने क्षणभर विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितले, "मोठ्या माणसांच्या पाठी."

आम्ही हसलो खरे, पण ते उत्तर मनातून जाईना. गर्दीत चार फुटांच्या उंचीवरून दुसरे दिसणार तरी काय? मार्गदर्शक इंग्रजीत सनावळ्या सांगत पुढे चालतो, बस सुटण्याची वेळ झालेली असते, मूल रडकुंडीला येते, आईवडील रागावतात. ज्या नगरीत संत पीटर आणि संत पॉल यांनी प्रभूसाठी रक्त सांडले, ती नगरी त्या मुलाच्या आठवणीत पाय दुखण्याची जागा म्हणून राहते. पुन्हा रोमला जाण्याचा योग बहुतेक कुटुंबांना येत नाही. म्हणून जे पालक मुलांसह जाण्याचा विचार करीत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख.

आमचे पहिले सांगणे काहींना रुचणार नाही : मुले बरोबर असतील तर एका दिवशी एकच मोठे चर्च पाहावे. चार प्रमुख महामंदिरांपैकी दोन राहिली, तर राहू द्यावीत. सकाळी चर्च, दुपारी विश्रांती, संध्याकाळी मोकळ्या हवेतील काहीतरी, असा क्रम ठेवल्यास रोमला किमान तीन पूर्ण दिवस लागतात. सहल-संयोजक हे आपणहून देत नाहीत. गट घरच्या नातलगांचाच असेल, तर मागून घेता येते.

रोमशी मुलांची ओळख पाण्यापासून करून द्यावी. या शहराच्या रस्तोरस्ती सुमारे अडीच हजार लहान नळखांब आहेत. १८७४ पासून ते बसवले जाऊ लागले. त्यांच्या वाकड्या तोटीमुळे रोमकर त्यांना 'नासोनी', म्हणजे 'मोठी नाके', असे म्हणतात. पाणी थंडगार, पिण्याजोगे आणि फुकट असते. तोटीच्या तोंडावर बोट दाबून धरले की वरच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार उडते आणि भांडे न लावता पिता येते. ही युक्ती मुलांना एकदा दाखवा. पुढचा प्रत्येक खांब तीच शोधून काढतील आणि वाटेतील चालणे त्यांना जाणवणार नाही. प्रत्येकाच्या पाठीवर एक बाटली असली की विकतचे पाणी घ्यावे लागत नाही.

संत पीटर महामंदिर सकाळी सात वाजता उघडते. त्या वेळी पोहोचणे हीच खरी युक्ती होय. नऊनंतर रांग चौकाला वळसा घालते. मात्र लगेच आत जाण्याची घाई करू नये. चौकातील खांबांची दुहेरी कमान बर्निनी या शिल्पकाराने सतराव्या शतकात उभारली. तिच्यात २८४ खांब चार ओळींत उभे आहेत. मधल्या सुळक्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीत एकेक गोल दगडी चकती बसवलेली आहे. तिच्यावर उभे राहिले की चारही ओळी एकमेकींच्या मागे दडतात आणि एकच ओळ दिसते. एक पाऊल बाजूला टाकले की खांब पुन्हा प्रकट होतात. मुलांना हा खेळ पुरता कळेपर्यंत तेथेच थांबावे.

आणि तो सुळका! इजिप्तमधून रोमन सम्राट कॅलिगुलाने तो आणवला. पुढे ज्याला नीरोची शर्यतभूमी म्हणत, तिच्या मधोमध तो उभा होता, आणि तेथेच संत पीटरला उलट्या क्रुसावर खिळले असे परंपरा सांगते. म्हणजे पीटरने डोळे मिटण्यापूर्वी जे पाहिले असेल, त्यातील ही एक वस्तू आज आपल्या मुलाला हाताच्या अंतरावरून पाहता येते. १५८६ साली पोप सिक्स्टस पाचवे यांनी तो आताच्या जागी हलवला. नऊशे माणसे आणि शंभराहून अधिक घोडे या कामी लागले. दंतकथा अशी की, जो तोंडातून शब्द काढील त्यास मृत्युदंड, असा हुकूम होता. सुळका अर्धवट उचलला गेला असताना दोर तापून तुटू लागले, तेव्हा एक खलाशी न राहवून ओरडला, "दोरांवर पाणी ओता!" सुळका वाचला. पोपमहोदयांनी शिक्षा तर केली नाहीच, उलट झावळ्यांच्या रविवारी व्हॅटिकनला झावळ्या पुरवण्याचा मान त्याच्या गावाला दिला. दंतकथा म्हणूनच ती सांगावी. मुले ती विसरणार नाहीत.

आत गेल्यावर मधल्या मार्गाच्या फरशीकडे बोट दाखवा. जगातील इतर मोठी चर्चे येथे ठेवली तर कुठवर पोहोचतील, याच्या धातूच्या खुणा तेथे आहेत. संत पीटरच्या काशाच्या पुतळ्याचा उजवा पाय शतकानुशतकांच्या स्पर्शाने झिजून गुळगुळीत झाला आहे. मायकलअँजेलोची 'पिएता' १९७२ सालच्या हल्ल्यानंतर काचेआड ठेवलेली आहे. तेथे मुलाला उचलून घ्या, नाहीतर पुन्हा पाठीच. मग एका शांत कोपऱ्यात बसून त्याला सांगा की वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया यांना याच महामंदिरात ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी संतपद बहाल केले. १५९७ साली नागासाकी येथे त्यांच्यासह क्रुसावर प्राण देणाऱ्या सव्वीस जणांत लुईस इबाराकी हा अवघ्या बारा वर्षांचा होता. आपल्या मुलाचे वय त्याच्या आसपास असेल, तर हे वाक्य हळू आवाजात सांगितलेले पुरे.

घुमटावर चढायला ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात, आणि शेवटच्या वाटेत भिंतच तिरकी झालेली असते. दहा वर्षांवरील मुलांना हे फार आवडते. आजीआजोबांनी खाली थांबावे. व्हॅटिकन संग्रहालयाबाबत मात्र आमचे मत स्पष्ट आहे : आठ वर्षांखालील मुलांना तेथे नेऊ नये. दालने संपता संपत नाहीत, आणि सिस्टीन चॅपेलमध्ये पोहोचेपर्यंत मुलाचा उत्साह मावळलेला असतो. आईने सकाळी जावे, वडिलांनी मुलांबरोबर राहावे, किंवा उलट.

शहराच्या मध्यभागी, मिनर्व्हा चौकात, पाठीवर इजिप्शियन सुळका घेतलेला एक संगमरवरी हत्ती उभा आहे. बर्निनीच्या आराखड्यावरून तो १६६७ साली घडवला गेला. आपल्याकडील मुलांना रोममध्ये हत्ती भेटणे हीच मौज, पण त्यांना आणखी एक गोष्ट सांगता येईल. १५१४ साली पोर्तुगालचे राजे मानुएल यांनी पोप लिओ दहावे यांना एक खराखुरा हत्ती भेट पाठवला. हिंदुस्थानातून जहाजाने लिस्बनला आणि तेथून रोमला आलेला हा हान्नो नावाचा पांढुरका हत्ती पोपमहोदयांसमोर तीनदा गुडघे टेकून नमला आणि मग सोंडेतले पाणी गर्दीवर उडवून मोकळा झाला. दोनच वर्षांत तो आजारी पडून मेला. परक्या हवेत आलेला तो आपल्या देशाचा जीव होता, याचे मुलांना वाईट वाटते, आणि वाटू द्यावे. हत्तीमागच्या चर्चमध्ये सिएनाच्या संत कॅथरिन यांची कबर आहे.

तेथून दोन मिनिटांवर पँथिऑन. सम्राट हाद्रियनने बांधलेले हे देवालय ६०९ सालापासून चर्च आहे. घुमटाच्या माथ्यावर सुमारे नऊ मीटर रुंदीचे उघडे भोक आहे. पाऊस आला की तो आत पडतो आणि फरशीतील छिद्रांतून निघून जातो. ती छिद्रे मोजण्याचे काम मुलांना द्यावे. पेंटेकॉस्टच्या मिस्सेनंतर अग्निशमन दलाचे जवान त्या भोकातून गुलाबपाकळ्यांचा वर्षाव करतात. तो रविवार मे-जूनमध्ये येतो. शाळेच्या सुटीशी तो जुळत असेल, तर यात्रेची तारीख त्यावरूनच ठरवावी, असे आम्ही म्हणू.

कोलोसियम सर्वांनाच पाहायचे असते. प्रवेश-कमानींवर कोरलेले रोमन आकडे अद्याप काही ठिकाणी वाचता येतात. शाळेत शिकलेले आकडे मुलांना येथे उपयोगी पडतात. परंतु नीरोने ख्रिस्ती लोकांना येथेच सिंहांपुढे टाकले, असे त्यांना सांगू नये. नीरोच्या काळी ही वास्तू नव्हतीच. तिचे उद्घाटन इ. स. ८० मध्ये झाले, आणि रक्तसाक्षींचे बलिदान नेमके येथेच झाल्याचा ठोस पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. चर्चने त्यांच्या स्मरणार्थ तेथे क्रूस उभारला आहे, एवढे खरे आणि पुरेसे आहे. जवळच संत क्लेमेंट यांचे चर्च आहे. बाराव्या शतकातील चर्चखाली चौथ्या शतकातील चर्च, त्याखाली पहिल्या शतकातील घरे, आणि तळाशी अंधारात वाहत्या पाण्याचा आवाज. आपण उभे आहोत त्याखाली कितीजण उभे राहून गेले, हे मुलांना जिना उतरताना आपोआप कळते.

कॅटाकोंब, म्हणजे पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या भुयारी दफनभूमी. आमच्या मते मुलांसाठी रोममधील सर्वांत मोलाची जागा हीच. ११८ क्रमांकाची बस तेथे जाते. संत कॅलिक्स्टस यांच्या भुयारांची लांबी सुमारे वीस किलोमीटर आहे. वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि बुधवारी ती बंद असतात. भिंतींवर मासा, नांगर, कबुतर, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ अशी चिन्हे आहेत. निघण्यापूर्वी ती वहीवर काढून द्यावीत आणि आत कोण किती ओळखतो ते पाहावे. संत तार्सिसियस यांनाही येथे पुरले होते, असे परंपरा सांगते. तुरुंगातील बंधुभगिनींकडे पवित्र साक्रामेंत नेत असताना त्यांना टोळक्याने अडवले. हातातले दिले नाही, प्राण दिला. आपल्या वेदीसेवकांचे ते आश्रयदाते संत. आपला मुलगा वेदीसेवक असेल, तर त्याला येथे आणल्याविना परतू नये. आत बारमाही गारवा असतो, म्हणून मे महिन्यातही स्वेटर हवा. अंधाराला घाबरणाऱ्या मुलावर मात्र सक्ती नको; वरची हिरवळ आणि सुरूची झाडे त्याला पुरेशी आहेत.

दुसरे महामंदिर निवडायचे झाल्यास आम्ही संत मेरी मेजर निवडू. बाळ येशूच्या गव्हाणीचे म्हणून जपलेले लाकडाचे तुकडे तेथे वेदीखाली आहेत, आणि २०२५ च्या एप्रिलपासून पोप फ्रान्सिस यांची साधी कबरही. घरोघरी नाताळचा गोठा सजवणाऱ्या आपल्या मुलांना ही दोन्ही ठिकाणे परकी वाटणार नाहीत.

संध्याकाळ मोकळी ठेवा. आव्हेंटाइन टेकडीवर एका बंद दरवाज्याच्या किल्लीच्या भोकातून संत पीटरचा घुमट अगदी चौकटीत बसवल्यासारखा दिसतो. शेजारच्या संत सबिना चर्चच्या पाचव्या शतकातील लाकडी दारावर वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रभूच्या क्रूसारोहणाच्या जगातील सर्वांत जुन्या ज्ञात चित्रणांपैकी एक आहे. जेनिकुलम टेकडीवर दुपारी बाराला तोफ उडते. बोर्गेझे उद्यानात वल्हवायची होडी मिळते. त्रेव्ही कारंज्यात मुले नाणे टाकतीलच. ती नाणी गोळा होऊन रोमच्या कारितास संस्थेमार्फत गरिबांसाठी खर्च होतात, हे त्यांना आधी सांगावे.

जेवणाचा प्रश्न फारसा येत नाही. वजनावर कापून मिळणारा पिझ्झा आणि 'सुप्ली', म्हणजे आत चीज भरलेला भाताचा तळलेला लांबट वडा, मुले आवडीने खातात. बाबागाडी शक्यतो नेऊ नये. रोमच्या रस्त्यांतील काळे चौकोनी दगड, ज्यांना तेथे लाडाने 'छोटे संत पीटर' म्हणतात, तिची चाके टिकू देत नाहीत. खांदे व गुडघे झाकणारे कपडे मोठ्या मुलांनाही लागतात. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना पालकांसह शहर बसचे तिकीट नाही, आणि कोलोसियम व पँथिऑन येथे अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही. मात्र कोलोसियमची वेळ आधी नोंदवावीच लागते.

पोप रोममध्ये असतात तेव्हा बुधवारी सकाळी सार्वजनिक भेट होते. तिचे तिकीट विनामूल्य असते. कुणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. लवकर पोहोचून कठड्यालगतची जागा धरावी. पोप लिओ चौदावे यांची मोटार तिथूनच जाते, आणि मुलांना पुढे उभे केले तर त्यांच्यापुढे कुणाची पाठ नसते.

व्हिसासाठी प्रत्येक मुलाचा स्वतंत्र पासपोर्ट आणि आईवडील दोघांचे संमतीपत्र लागते. सहा वर्षांखालील मुलांना व्हिसाचे शुल्क नाही, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना प्रौढांच्या निम्मे, आणि बाराव्या वर्षापासून बोटांचे ठसे देण्यासाठी मुलाला स्वतः केंद्रात न्यावे लागते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेमध्ये जायचे असल्यास नाताळची सुटी संपताच कागदपत्रे गोळा करावीत.