जुनी छोटी गाडी घेताना : चालेल का, आणि वाचवेल का?

पाच-सहा वर्षे थोडे थोडे पैसे बाजूला टाकून दोन-अडीच लाख रुपये जमले, की घरात चारचाकीचा विषय निघतो. तेवढ्या पैशांत नवी गाडी येत नाही. मग दहा-बारा वर्षांच्या आल्टो, वॅगनआर, आय-टेन, सॅन्ट्रो, फिगो अशा गाड्यांची विचारपूस सुरू होते. विकणारा सांगतो, ‘एक हाती वापर, कंडिशन एकदम मस्त, फक्त पेट्रोल टाका आणि चालवा.’

अशा वेळी तुम्हाला दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे हवी असतात. पहिला प्रश्न, ही गाडी रोज बिनतक्रार चालेल का? दुसरा, अपघात झालाच तर ही गाडी आतल्या माणसांना वाचवेल का? बहुतेक लोक पहिलाच प्रश्न विचारतात. पण दुसरा अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याचे कारण पैशांच्या भाषेतही सांगता येते. क्लच गेला, बॅटरी उतरली, टायर झिजले तर खर्च करून ते बदलता येतात. गाडीचा सांगाडाच कमकुवत असेल किंवा तिच्यात एअरबॅग नसेल, तर ती उणीव नंतर पैसे घालून सहसा भरून निघत नाही. म्हणून सुरक्षितता गाडी निवडतानाच पाहायची, विश्वासार्हता तपासणी करून ठरवायची आणि दुरुस्तीसाठी पैसे वेगळे ठेवायचे, असा क्रम ठेवा.

आधी मॉडेल आणि प्रकार

गाडीचे उत्पादनाचे वर्ष सुरक्षिततेबद्दल बरेच काही सांगते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या बनणाऱ्या मोटारींत चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण करून देणारी सूचना, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. त्याच वर्षी एप्रिलपासून एबीएस ब्रेकही सक्तीचे झाले. जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जॅम होऊ नयेत आणि स्टिअरिंग हातात राहावे, हे एबीएसचे काम. त्याआधीच्या छोट्या गाड्यांत या सोयी बहुधा महागड्या प्रकारांतच मिळत. म्हणजे एकाच वर्षाच्या, एकाच नावाच्या दोन गाड्यांपैकी एकीत एअरबॅग असते आणि दुसरीत नसते. आज जुन्या बाजारात त्यांच्या किमतीत फार मोठा फरक नसेल, तर एअरबॅग आणि एबीएस असलेलीच घ्या. म्युझिक सिस्टीम आणि अलॉय व्हीलसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ते इथे मोजलेले बरे.

मात्र एअरबॅग असली म्हणजे सगळे झाले असे नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक चाचण्यांचे निकाल जाहीर केले. मारुती सुझुकी आल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-टेन, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो या त्या गाड्या. ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडक दिल्यावर, एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना मोठ्या प्रवाशांच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले. त्यातही फरक होता. फिगो आणि पोलो यांचा सांगाडा टिकून राहिला, बाकीच्या तिघींचा कमी-अधिक प्रमाणात कोलमडला. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला मात्र चार तारे मिळाले. मजबूत सांगाडा, एअरबॅग आणि सीटबेल्ट ही तिन्ही एकत्र असतील तरच माणूस वाचतो, हे यातून कळते. सीटबेल्ट न लावता एअरबॅगवर भरवसा ठेवणे धोक्याचे आहे.

तुमच्या मनातल्या मॉडेलची चाचणी झाली असेल, तर तिचा निकाल ग्लोबल एनकॅपच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतो. निकाल कोणत्या वर्षाच्या आणि किती एअरबॅगच्या प्रकाराचा आहे, हे नीट वाचा. आपल्याकडची भारत एनकॅप ही योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, त्यामुळे जुन्या गाड्यांबद्दल तिथे फारसे सापडणार नाही.

आणखी एक गोष्ट. जपानच्या टकाटा कंपनीच्या एअरबॅगमधील काही इन्फ्लेटर उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहून खराब होतात. मग एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात. म्हणून जगभर आणि भारतातही काही कंपन्यांनी गाड्या परत बोलावून हा भाग मोफत बदलून दिला. जुन्या होंडा सिटी आणि जॅझ त्यांत होत्या. यालाच रिकॉल म्हणतात. गाडीचा चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये देऊन, काही काम बाकी आहे का ते विचारा.

सांगाडा जोडलेला तर नाही ना?

छोट्या मोटारींना ट्रकसारखी वेगळी लोखंडी चेसिस नसते. पत्र्याची बॉडी हाच त्यांचा सांगाडा असतो. मोठ्या अपघातानंतर कापून जोडलेली गाडी वरून चकचकीत दिसली, तरी पुढच्या धडकेत ती आधीसारखी मार सोसत नाही. म्हणून गाडी नेहमी दिवसाउजेडी आणि कोरडी असताना पाहा. रात्री किंवा नुकत्याच धुतलेल्या गाडीवर डाग दिसत नाहीत.

दरवाजे, बोनेट आणि डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का पाहा. बोनेट उघडून मडगार्डच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का, आतल्या पत्र्यावर ओबडधोबड वेल्डिंग आहे का, ते बघा. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीखालचा पत्रा पाहा. फ्रिजवर लावायचे छोटे चुंबक फडक्यात गुंडाळून बॉडीवर फिरवा. जिथे ते चिकटत नाही, तिथे खाली पुट्टीचा जाड थर असू शकतो. काचांवर बनवल्याच्या वर्षाची खूण असते. एकच काच बाकीच्यांपेक्षा नवी असेल, तर ती का बदलली ते विचारा. एखाद्या दारावर पुन्हा रंग मारलेला असणे ही मोठी बाब नाही, जोडलेला खांब किंवा वाकलेला तळ मात्र मोठी बाब आहे. तसे दिसले, तर किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी सोडा.

किनारपट्टीच्या गावांत, म्हणजे कोकणापासून चेन्नईपर्यंत कुठेही, गंज खास तपासा. पुरात बुडालेली गाडीही ओळखायला हवी. मुंबईत जुलै २००५, चेन्नईत डिसेंबर २०१५ आणि केरळात ऑगस्ट २०१८ मध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या नंतर दूरच्या गावातही विकल्या जाऊ शकतात. कुबट वास, सीटच्या रुळांवर गंज, गालिच्याखाली वाळलेला चिखल, दिव्यांच्या काचेत आतून ओल ही लक्षणे असतात. तिची वायरिंग कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

इंजिन आणि चालवून पाहणे

विकणाऱ्याला आधीच सांगा, ‘मी येण्यापूर्वी गाडी सुरू करू नका.’ पोहोचल्यावर बोनेटला हात लावून पाहा. गरम असेल, तर थंड इंजिन सुरू होण्यात काही अडचण लपवली जात असण्याची शक्यता आहे. किल्ली फिरवल्यावर एअरबॅग, एबीएस, ऑइल आणि चेक इंजिन यांचे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर थोड्या वेळात विझले पाहिजेत. दिवा विझत नसेल तर दोष आहे. दिवा मुळात लागतच नसेल, तर तो मुद्दाम काढलेला असू शकतो, आणि ते अधिक वाईट.

धूर पाहा. सतत निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला, तर कूलंट आत शिरत असावे. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा थर दिसला, तर पाणी आणि ऑइल मिसळत असल्याची शंका घ्या आणि तज्ज्ञाला दाखवा. जुन्या सॅन्ट्रोसारख्या काही गाड्यांत टायमिंग बेल्ट असतो. तो वेळेवर बदलला नाही आणि चालत्या गाडीत तुटला, तर इंजिनाचे मोठे काम निघू शकते. शेवटचा कधी बदलला, त्याचे बिल मागा. मारुतीच्या के-१० इंजिनात बेल्टऐवजी साखळी असते, पण तिथेही ऑइल वेळच्या वेळी बदललेले असावे लागते.

निदान अर्धा तास गाडी चालवा. खड्ड्यातून, चढावर आणि मोकळ्या रस्त्यावर न्या. सरळ रस्त्यावर ती एका बाजूला ओढते का, ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरते का, चढावर इंजिन ओरडते पण गाडी रेटत नाही असे होते का, हे पाहा. सगळे सीटबेल्ट, मागचेसुद्धा, झटक्याने ओढून ते अडकतात का ते तपासा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली, तरी जुने रबर कडक होऊन पावसात पकड सोडते.

किलोमीटरच्या आकड्यावर एकट्यावर विश्वास ठेवू नका, तो मागे फिरवता येतो. मीटर पस्तीस हजार दाखवत असेल आणि पायाकडचे पेडल, स्टिअरिंग, चालकाची सीट घासून गुळगुळीत झाली असेल, तर हिशोब जुळत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी गाडीच्या नंबरावरून मालकाला काढून आणायला सांगा.

शेवटी, तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवून घ्या. त्याची फी तुम्ही द्या, विकणाऱ्याला देऊ देऊ नका. जो फी देतो, त्याच्या बाजूने बोलण्याचा मोह होतो.

कागद तुमच्या नावावर येतील का?

सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची तारीख, मालकाचा क्रमांक, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा पाहा. इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा. न भरलेली ई-चलने तपासा. बोजा असेल, तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. सीएनजी किट असेल, तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची दर ३ वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी.

‘कागद नंतर करू’ असे म्हणून आरसी जुन्या नावावर ठेवू नका. गाडी विकली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विकणाऱ्याला याचा त्रास होतोच. पण तुम्हीही आपल्या गाडीचे नोंदलेले मालक नसल्याने विम्याचा दावा अडकू शकतो. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीला कळवा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. हेही हिशोबात धरा.

खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि शुल्काचे नियम त्यानंतरही बदलले आहेत. म्हणून २०१३ ची गाडी घेताना २०२८ साली काय करायचे, हे आजच ठरवा. न्यायालयीन आदेशांमुळे दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, आणि तिथल्या गाड्या बाहेरच्या राज्यांत स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. अशी गाडी इंदूर, बडोदा किंवा नागपुरात आणली, तर तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, तुमच्या राज्याचा रोड टॅक्स आणि नवा नंबर यांचा खर्च येतो. हा खर्च किमतीत मिळवून मगच ती स्वस्त आहे का ते ठरवा.

खरी किंमत काढा

समजा, गाडी २,००,००० रुपयांना घेतली. घेतल्यावर टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग आणि हस्तांतरण यांवर ४०,००० गेले. विमा आणि देखभाल वर्षाला २५,००० धरली, तर तीन वर्षांत ७५,००० होतात. तीन वर्षांनी ती ९०,००० ला विकली. एकूण खर्च ३,१५,००० वजा ९०,०००, म्हणजे २,२५,००० रुपये. महिन्याला ६,२५० रुपये, तेही पेट्रोल सोडून. महिन्यातून दोन-तीनदाच गाडी लागणार असेल, तर तेवढ्या वेळा टॅक्सी करणे स्वस्त पडते का, तेही याच कागदावर मांडा.

या हिशोबातून एक नियम निघतो. अडीच लाख हातात असतील, तर दोन लाखांपर्यंतचीच गाडी पाहा. उरलेले पन्नास हजार गाडीच्या पहिल्या वर्षासाठी आहेत. आजारपण आणि नोकरी जाण्यासाठी ठेवलेली शिल्लक यात मोजू नका. कर्ज काढणार असाल, तर जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा सहसा जास्त असतो, हे लक्षात ठेवा.

विसार देण्यापूर्वी

या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा :

१. या प्रकारात एअरबॅग आणि एबीएस आहेत का? त्यांचे दिवे नीट लागून विझतात का?
२. सांगाडा कापलेला, जोडलेला किंवा गंजलेला नाही, असे माझ्या मेकॅनिकने खालून पाहून सांगितले का?
३. रिकॉलचे काम बाकी नाही ना?
४. सर्व्हिसच्या नोंदी आणि मीटर जुळतात का?
५. बोजा, चलने, विमा आणि नोंदणीची मुदत मी स्वतः पाहिली का?
६. गाडी घेतल्यावर दुरुस्तीचे पैसे हातात उरतात का?

चौथ्या किंवा सहाव्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर किंमत कमी करून पाहता येईल. तिसऱ्या किंवा पाचव्याचे ‘नाही’ असेल, तर ते काम पूर्ण होईपर्यंत थांबा. पहिल्याचे ‘नाही’ असेल, तर त्याच पैशांत दुसरी गाडी शोधा. आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर विसार न देता घरी या. ‘उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे’ असे विकणारा म्हणेल. येऊ द्या. जुन्या गाड्यांची बाजारात कमतरता नाही.