इंजिन फक्त ४०० तास चाललेलं! मग हे जुनं विमान इतकं स्वस्त का?

जुनी बाइक शोधताना ही ओळ तुम्ही नक्की वाचली असेल : ‘सिंगल ओनर, फक्त ८ हजार किलोमीटर’. असं काही दिसलं की आपण लगेच फोन लावतो. कमी चालली म्हणजे कमी झिजली, हा आपला साधा हिशोब. अमेरिकेत छोटी विमानंही अशाच जाहिराती टाकून विकली जातात आणि नवीन पायलट तिथे याच हिशोबाने फसतो.

बारामती किंवा धुळ्याकडच्या वाचकांना फ्लाइंग स्कूलच्या छोट्या विमानांचा आवाज ओळखीचा असेल. पण आपल्याकडे असं विमान स्वतःसाठी विकत घेणारा माणूस विरळाच. अमेरिकेत मात्र दोन सीटचं जुनं सेस्ना १५० एखाद्या चांगल्या नव्या कारच्या किमतीत मिळून जातं. शिकायला गेलेली, नोकरीला लागलेली आपली मुलंही तिथे पायलटचं लायसन्स काढतात, आणि मग रात्री झोपायच्या आधी मोबाइलवर विमानांच्या जाहिराती चाळणं सुरू होतं!

सेस्ना १७२ चंच उदाहरण घेऊ. चार सीटचं हे विमान १९५६ पासून विकलं जातंय आणि आजवर ४४ हजारांपेक्षा जास्त बनली आहेत. जगात इतक्या संख्येने दुसरं कुठलंच विमान बनलेलं नाही. १९८६ ते १९९६ या काळात कंपनीने त्याचं उत्पादन बंद ठेवलं होतं. त्यामुळे बाजारातल्या स्वस्त १७२ चं वय बहुतेक वेळा चाळिशीच्या पुढे असतं.

आता समजा जाहिरात अशी आहे : १९७५ चं मॉडेल, लायकमिंगचं ओ-३२० इंजिन, ओव्हरहॉलनंतर फक्त ४०० तास. या इंजिनाचं ओव्हरहॉल साधारण २००० तासांनी करावं असं कंपनी सांगते. म्हणजे १६०० तास शिल्लक. लॉटरीच की! पण लॉगबुक उघडल्यावर कळतं की ते ओव्हरहॉल १९९८ साली झालंय. पंचवीस वर्षं धरली तरी वर्षाला १६ तास झाले. महिन्याला दीड तासही नाही.

तासांसोबत लायकमिंग आणखी एक आकडा देते, तो जाहिरातीत कधीच नसतो : १२ वर्षं. २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते. खासगी वापरात ही मर्यादा कायद्याने सक्तीची नाही, त्यामुळे विकणारा काही खोटं बोलत नसतो. तो फक्त अर्धा आकडा सांगतो.

उभ्या इंजिनात नेमकं होतं काय?

या इंजिनात चार सिलिंडर आडवे असतात, दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या. मधोमध क्रँकशाफ्ट आणि त्याच्या वर कॅमशाफ्ट. कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला दांडा. तो फिरला की उंचवटे टॅपेटना ढकलतात आणि व्हॉल्व्ह उघडतात. इंजिन चालू असताना उडणाऱ्या ऑइलने हा दांडा भिजलेला असतो. इंजिन बंद झालं की ऑइल हळूहळू खाली तळाशी उतरतं. काही आठवडे गेले की वरचा कॅमशाफ्ट जवळजवळ उघडा पडतो.

त्यात भर पाण्याची. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं! बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ पिस्टन रिंगच्या फटीतून इंजिनाच्या पोटात शिरते आणि इंजिन थंड झालं की तिथेच थेंब बनून बसते. ऑइलमध्ये मिसळून आम्लही तयार होतं. उघडं पोलाद, पाणी, आम्ल. पुढचं सांगायला नको.

गंजाचे सुरुवातीचे ठिपके टाचणीच्या डोक्याएवढेही नसतात. पण कॅमच्या उंचवट्यावर कडक केलेल्या पोलादाचा फक्त पातळ थर असतो. सहा महिन्यांनी कुणीतरी इंजिन सुरू करतं, टॅपेट त्या ठिपक्यांवरून मिनिटाला शेकडो वेळा घासतो आणि तो थर खपल्यांसारखा निघायला लागतो. लोखंडाचे कण ऑइलमध्ये फिरतात, बेअरिंगपर्यंत पोहोचतात. उंचवटा झिजत जातो, व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही, ताकद कमी होत जाते. हे सगळं इतकं सावकाश होतं की पायलटला वाटतं आज गरमी जास्त आहे म्हणून विमान चढत नाहीये. मग एखाद्या दुपारी चौघं बसलेले असतात, टाकी भरलेली असते आणि धावपट्टीच्या टोकाला झाडं असतात.

यावर उपाय म्हणून बरेच मालक महिन्यातून एकदा हँगरबाहेर दहा मिनिटं इंजिन चालवून बंद करतात. माझ्या मते न चालवण्यापेक्षा हे वाईट. दहा मिनिटांत नवीन पाणी तयार होतं, पण ते उडून जाईल इतकं ऑइल तापत नाही. लायकमिंगचं म्हणणं असं की ऑइल १६५ ते २०० अंश फॅरेनहाइटला, म्हणजे साधारण ७४ ते ९३ सेल्सिअसला, निदान तासभर राहायला हवं. आणि तेही उडताना, निदान ३० दिवसांतून एकदा.

सेस्ना १५० मधल्या काँटिनेंटल ओ-२०० इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या खाली असतो, म्हणून तो जरा सुखी. सिलिंडर मात्र तिथेही गंजतात.

तुमचा फोन इथे कामाला येतो

अमेरिकन विमानाच्या शेपटीजवळ ‘एन’ अक्षराने सुरू होणारा नंबर असतो. तो तिथल्या एफएए या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर टाकला की बनावटीचं साल आणि नोंदणी फुकटात दिसते. अपघातांची नोंद एनटीएसबीच्या साइटवर शोधता येते. १ जानेवारी २०२० पासून तिथल्या बहुतेक नियंत्रित हवाई क्षेत्रात एडीएस-बी हे उपकरण सक्तीचं झालं. ते विमानाची जागा सतत प्रसारित करतं आणि फ्लाइटरडार२४, फ्लाइटअवेअर यांसारखी ॲप्स ती पकडतात. ‘दर रविवारी उडवतो’ म्हणणाऱ्याचे रविवार त्यात दिसायला हवेत. न दिसले तर लगेच खोटारडा म्हणू नका, उपकरण नसलेली विमानंही असतात. पण प्रश्न नक्की विचारा.

खरी गंमत लॉगबुकात आहे. तिथे दर १२ महिन्यांनी विमानाची तपासणी होते, तिला ‘ॲन्युअल’ म्हणतात, आणि प्रत्येक नोंदीत मीटरचे तास लिहिलेले असतात. सगळ्या पानांचे फोटो मागवा आणि लागोपाठच्या दोन नोंदींची वजाबाकी करत जा. ३१, २८, ४०, ६, २, ०, ३... हे पाहिलं की विमान कुठल्या वर्षी मालकाच्या मनातून उतरलं ते कळतं. ‘ॲन्युअल झालेलं आहे’ एवढ्यावर खूश होऊ नका, शून्य तास उडालेल्या विमानाचंही ॲन्युअल होतं.

फोनला जोडायचा स्वस्त एंडोस्कोप कॅमेरा तुम्ही पाहिला असेल. त्याचाच मोठा भाऊ, बोअरस्कोप, मेकॅनिक स्पार्क प्लगच्या भोकातून आत घालतो. सिलिंडरच्या भिंतीवरचा गंज आणि जळलेला व्हॉल्व्ह त्यात स्पष्ट दिसतो. अडचण एकच : या लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट तिथून दिसत नाही. त्यासाठी एखादा सिलिंडर काढावा लागतो आणि विकणारा त्याला सहसा तयार होत नाही. मग ऑइल फिल्टर कापून उघडायचा, त्यातल्या कणांवरून चुंबक फिरवायचा आणि ऑइलचा नमुना लॅबला पाठवायचा. पण फिल्टर स्वच्छ निघाला म्हणून निश्चिंत होऊ नका. जे इंजिन चाललंच नाही, त्यातून कण तरी कुठून निघणार?

खरेदीआधीच्या या तपासणीत नेमकं काय पाहायचं ते कायद्यात कुठेच ठरवलेलं नाही. म्हणून मेकॅनिक आपला हवा, ते विमान वर्षानुवर्षं सांभाळणारा नको. रबरी नळ्या, टायर, मॅग्नेटो, टाकीत साचलेलं पाणी हे तो पाहीलच. पंखात उंदरांनी घरटं केलंय का तेही बघायला सांगा. हसू नका, उंदराच्या लघवीने ॲल्युमिनियम खरंच सडतं.

मग भरपूर उडालेलं विमान डोळे झाकून घ्यायचं का? तसंही नाही. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचला प्रशिक्षणाच्या एका पायपर ॲरोचा पंख हवेतच तुटला आणि दोघांचा जीव गेला. कारण धातूचा थकवा, वर्षानुवर्षं रोज उडून पडलेली चीर. त्यानंतर एफएएने तशा विमानांच्या पंखांची खास तपासणी सक्तीची केली. इंजिनाला बसून राहणं मानवत नाही, सांगाड्याला जास्त उडणं. दोन्ही वह्या वेगवेगळ्या वाचाव्या लागतात.

वर्षाला ७०-८० तास उडालेलं, १५०० तासांचं इंजिन असलेलं विमान आणि आपलं ४०० तासांचं उभं विमान एकाच किमतीत असतील, तर मी पहिलं घेईन. दुसरं घ्यायचंच असेल तर इंजिनाची किंमत शून्य धरून भाव करायचा. ओव्हरहॉलचा खर्च आज सहज ३० हजार डॉलरच्या पुढे जातो, तेवढे पैसे बाजूला ठेवूनच बोलणी करायची. विकणारा चिडला तर चिडू दे.

आणि सौदा झालाच, तर पहिल्या दिवशी ते विमान घेऊन दूरच्या घरी निघू नका. पहिले काही तास धावपट्टीच्या डोक्यावर, इंजिन बंद पडलं तरी तरंगत परत उतरता येईल इतक्या उंचीवर फिरा. सोबत बायको-मुलं, मित्र कुणी नको. दहा तासांनी ऑइल बदला आणि फिल्टर पुन्हा कापून बघा.