दुकान ज्याचं त्याचं, खरेदी सगळ्यांची



मागच्या भागात आपण दिवाळीच्या एकत्र खरेदीबद्दल बोललो. त्यानंतर दोन-तीन गटांनी विचारलं, "ताई, पहिल्या वर्षी सगळ्या उत्साहाने येतात, दुसऱ्या वर्षी फुटतात. हे टिकवायचं कसं?" आज त्याचंच उत्तर शोधू. त्यासाठी थोडं लांब, अमेरिकेतल्या न्यू जर्सीला जाऊ. आपल्याकडची कितीतरी मुलंमुली नोकरीसाठी तिथे राहतात. तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर विचारा, 'शॉपराइट' नावाचं दुकान त्यांना नक्की माहीत असेल.

हे दुकान दिसायला मोठ्या कंपनीचं वाटतं. सगळीकडे एकच पाटी, एकच जाहिरात. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट अशा शेजारशेजारच्या राज्यांत मिळून अडीचशेहून जास्त दुकानं आहेत. पण त्यांचा मालक एक नाही. कुणा घराण्याचं एकच दुकान, कुणाची पाच, कुणाची वीस-पंचवीस. आजोबांनी चालवलेलं दुकान आज नातवंडं चालवतात. मग पाटी एक कशी? कारण ही सगळी घराणी मिळून एका सहकारी संस्थेची मालक आहेत. तिचं नाव वेकफर्न.

सुरुवात झाली १९४६ साली, न्यूअर्क शहरात. तेव्हा किराण्याच्या धंद्यात मोठ्या साखळी कंपन्यांचा जोर होता. 'ए अँड पी' नावाच्या एकाच कंपनीची १९३०च्या सुमाराला १५ हजारांहून जास्त दुकानं होती. एवढा माल उचलणाऱ्याला घाऊक भाव कमीच मिळणार. छोट्या दुकानदाराला तोच माल महाग पडायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचं, 'तिकडे स्वस्त आहे.' डेल माँटे या डबाबंद मालाच्या कंपनीचा एक विक्रेता अशाच एका छोट्या दुकानात आला होता. बोलता बोलता हीच अडचण निघाली आणि त्यातून एकत्र खरेदीची कल्पना पुढे आली. सात-आठ दुकानदारांनी प्रत्येकी एक हजार डॉलर घातले. संस्थापकांच्या आडनावांतली अक्षरं जोडून संस्थेचं नाव ठेवलं. पाच वर्षांनी, १९५१ साली, सगळ्यांनी मिळून 'शॉपराइट' हे नाव घेतलं. एकेकट्याला वर्तमानपत्रातली मोठी जाहिरात परवडत नव्हती, एका नावाखाली ती परवडू लागली.

आता काम कसं वाटलेलं आहे ते बघा. खरेदी, गोदाम, मालाच्या गाड्या, जाहिरात, स्वतःच्या छापाचा माल, हे सगळं संस्थेकडे. दुकान चालवणं, माणसं नेमणं, गिऱ्हाईक सांभाळणं, हे ज्याचं त्याच्याकडे. आपल्या भाषेत सांगायचं तर चूल आपापली, पण धान्य भरायला सगळ्या एकत्र.

इथपर्यंत आपल्यालाही जमतं. अडतं ते पुढे. आमच्याकडे काय झालं ते सांगते.

आमच्या अकरा गटांनी दिवाळीला तेल, हरभरा डाळ, रवा, मैदा, साखर एकत्र आणली. एकूण खरेदी १ लाख १० हजार रुपयांची. गटांना बाजारभावापेक्षा कमी दराने माल दिला. टेम्पोचं भाडं आणि हमाली जाऊन ५,५०० रुपये उरले. आम्ही ते सगळ्या गटांना सारखे वाटले, प्रत्येकी ५०० रुपये. मला वाटलं, किती छान, समान वाटणी!

दुसऱ्या वर्षी आमचा सगळ्यात मोठा गट आलाच नाही. त्या बायका वर्षभर फरसाण आणि मसाले करतात. पहिल्या वर्षीच्या खरेदीतला ४४ हजारांचा माल एकट्या त्यांचा होता. व्यापाऱ्याने त्यांना बाजूला घेऊन तेलाच्या डब्यामागे तीस रुपये कमी करतो म्हणून सांगितलं आणि त्या गेल्या. आमचा माल कमी झाला, म्हणून भाव चढला. टेम्पोचं भाडं तेवढंच राहिलं. त्याचा भार पडला तो एक-एक डबा घेणाऱ्या छोट्या गटांवर.

मी रागाने त्यांच्या अध्यक्षांकडे गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, आमचे बारा डबे, त्यांचा एक. भाव उतरला तो आमच्या बारा डब्यांमुळे. आणि परत मिळाले सगळ्यांना पाचशेच?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

वेकफर्नमध्ये नफा वाटण्याची पद्धत वेगळी आहे. वर्षाअखेरी जे उरतं ते ज्याने जेवढा माल घेतला त्या प्रमाणात परत मिळतं. यात नवं काही नाही. आपली दूध डेअरी दिवाळीला फरक देते तो असाच. ज्याचं दूध जास्त, त्याचा फरक जास्त. मग हाच हिशोब आमच्या ५,५०० रुपयांना लावून बघू. १ लाख १० हजारांवर ५,५०० म्हणजे शंभराला पाच रुपये. मोठ्या गटाची खरेदी ४४ हजार, म्हणजे त्यांचे २,२०० रुपये होतात. आम्ही दिले ५००. एका छोट्या गटाची खरेदी होती ४,४०० रुपयांची. त्यांचे होतात २२०, आम्ही दिले ५००. सारखी वाटणी आणि न्यायाची वाटणी एकच नसते, हे मला तेव्हा कळलं.

वेकफर्नचा दुसरा नियम सभासदाला बांधून ठेवणारा आहे. दुकानाला लागणाऱ्या मुख्य मालापैकी किमान ८५ टक्के माल संस्थेकडूनच घ्यायचा. म्हणजे स्वस्त मिळेल तेव्हा बाहेरून आणि अडलं की संस्थेकडून, असं चालत नाही. कमी माल घेतला तर संस्थेचं जे नुकसान होतं ते भरून द्यावं लागतं. कडक वाटेल, पण एवढा माल नक्की उचलला जाणार हे माहीत असलं, तरच घाऊक भाव ठरवता येतो.

नियम असले म्हणजे कुणी जात नाही, असं नाही. १९६८ साली वेकफर्नचा सगळ्यात मोठा सभासद बाहेर पडला. 'सुपरमार्केट्स जनरल' ही ती कंपनी. संस्थापकांपैकी आयडेकमन घराण्यातली माणसंही तिच्यात होती. त्यांनी आपल्या दुकानांच्या पाट्या बदलून 'पाथमार्क' नाव लावलं. मागे राहिलेल्यांना तो मोठाच धक्का होता. पण ती संस्था मोडली नाही. बाकीच्यांनी खरेदी चालू ठेवली आणि आज ती अमेरिकेतली किरकोळ दुकानदारांच्या मालकीची सगळ्यात मोठी सहकारी संस्था आहे.

पाथमार्कचंही पुष्कळ वर्षं चांगलं चाललं, हेही सांगायला हवं. पुढे १९८७ साली कंपनी दुसऱ्याने बळकावू नये म्हणून केलेल्या व्यवहारात तिच्यावर कर्जाचा मोठा बोजा चढला. २००७ मध्ये ए अँड पीने ती विकत घेतली आणि २०१५ मध्ये ए अँड पीचंच दिवाळं निघालं. म्हणजे बाहेर पडणारा लगेच बुडतो, असं नाही. त्यामुळे जाणाऱ्या गटाला शाप देऊन उपयोग नाही. आपला नियम आधी नीट करायला हवा.

आमच्या ग्रामसंघाने आता तीन गोष्टी ठराव करून वहीत लिहिल्या आहेत. एक, उरलेले पैसे खरेदीच्या प्रमाणात वाटायचे आणि हिशोब बैठकीत मोठ्याने वाचायचा. दोन, प्रत्येक गटाने महिनाभर आधी आपली मागणी लेखी द्यायची आणि तिच्यातला ठरलेला वाटा उचलायचाच. तीन, खरेदी समितीत एक बाई मोठ्या गटाची आणि एक छोट्या गटाची असायची. भाव ठरवायला दोघींनी मिळून जायचं.

तो ठराव घेऊन मी पुन्हा त्या अध्यक्षबाईंकडे गेले. मागच्या वाटणीत आमचं चुकलं, हेही सांगितलं. त्यांनी ठराव दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "गटात विचारते." या दिवाळीला त्या येतील की नाही, अजून ठरलेलं नाही. त्यांची लेखी मागणी आली तर आनंद आहे. नाही आली तरी बाकीच्या दहा गटांची यादी तयार होते आहे.

तुमच्या गावात एकत्र खरेदी होत असेल तर मागच्या वर्षीची वही काढा. कुणी किती घेतलं आणि कुणाला किती परत मिळालं, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडा. तुमच्यातला एखादा गट का गेला, किंवा का जाईल, ते त्यात दिसेल.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.