नाण्यांवरील सनदोष

नाणे पाडताना झालेल्या बिघाडामुळे सनाचा अंक अपुरा, पुसट वा दुहेरी उमटणे. ठशातील खाचेत वंगण व धूळ साचल्यास अंक उठत नाही. चकती हलून दुसरा आघात बसल्यास तो दुहेरी होतो. अंकाभोवती भिंगाखाली खरवड दिसल्यास मात्र ती जादा किंमतीसाठी मागाहून केलेली लबाडी समजावी. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे हाती येणाऱ्या सुट्या नाण्यांत सनाखालील ठिपका पुष्कळांना दोष वाटतो. वस्तुतः ती नोएडा टांकसाळीची खूण होय. मुंबईची खूण समचतुर्भुज, हैदराबादची तारका. कोलकात्याची खूण नसते. सन नेहमी नाणे पाडल्याचाच असतो, असेही नाही : व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८६२ हाच सन पुढे दहाहून अधिक वर्षे राहिला, मुंबईच्या अशा रुपयांचे खरे वर्ष त्यांवरील ठिपक्यांवरून ताडतात.