प्लास्टिक आणि पर्यावरण : लेखांक ६ – पिशवीची जाडी आणि भंगाराचा काटा

सूर्यप्रकाशाने ठिसूळ झालेल्या प्लास्टिकचे पाच मिलिमीटरपेक्षा लहान कण, म्हणजेच सूक्ष्मप्लास्टिक, कसे तयार होतात याचा विचार मागील लेखांकात केला. या कणांचा मोठा पुरवठा ज्या वस्तूंपासून होतो त्यांत पातळ पिशव्या आणि वेष्टने येतात. काही प्लास्टिक भंगारात पोहोचते आणि काही नाल्यात, याचे कारण रसायनशास्त्रापेक्षा वजनकाट्यावर अधिक स्पष्ट दिसते.

पिशवीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तीस सेंटिमीटर रुंद, चाळीस सेंटिमीटर लांब आणि २० मायक्रॉन जाडीची पॉलिथिनची पिशवी घेतली, तर तिचे वजन साडेचार ग्रॅमच्या आतच भरते. याचा अर्थ असा की, एक किलो माल गोळा करण्यासाठी कचरावेचक स्त्रीला सव्वादोनशेच्या आसपास पिशव्या वेचाव्या लागतात, आणि त्याही बहुधा ओल्या, खरकट्याने माखलेल्या आणि गाठ मारलेल्या. त्याच आकाराची पिशवी १२० मायक्रॉनची असेल, तर अडतीस-चाळीस पिशव्यांतच किलो भरतो. भंगाराच्या दुकानात माल वजनावर घेतला जातो आणि स्वच्छ, एकाच जातीच्या प्लास्टिकला चांगला भाव मिळतो. म्हणून पाण्याच्या बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या रस्त्यावर फार काळ पडून राहत नाहीत, तर भाजीची पातळ पिशवी तिथेच राहते आणि पहिल्या पावसात वाहून जाते. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तेव्हापासून कचरावेचकांच्या या श्रमाला संघटित आवाज मिळाला. शहरांतील पुनर्वापराचा पाया याच श्रमावर उभा आहे, ही गोष्ट धोरणे आखताना वारंवार विसरली जाते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. समुद्राची भरती, मिठी नदीच्या पात्रातील भराव आणि पर्जन्यजलवाहिन्यांची अपुरी क्षमता ही त्यामागची मोठी कारणे होती. तरीही तुंबलेल्या गटारांतून निघालेल्या पिशव्यांनी लोकांचे लक्ष वेधले आणि २००६ मध्ये महाराष्ट्राने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. केंद्राची मर्यादा १९९९ मध्ये २० मायक्रॉन होती. ती २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. पिशवी महाग व्हावी, फुकट वाटली जाऊ नये आणि टाकली तरी वेचण्याइतकी जड असावी, हे या वाढीमागचे गणित योग्यच आहे.

नाल्याइतकीच गंभीर गोष्ट गुरांच्या पोटात घडते. गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने घास ओढून घेते आणि फारसे न चावता गिळते, त्यामुळे शिळी पोळी किंवा भाजीची देठे बांधून टाकलेली पिशवी अन्नासकट आत जाते. कोठीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्यात, ती पचत नाही आणि सहसा पुढेही सरकत नाही. पिशव्यांवर पिशव्या साचून घट्ट गोळा होतो, खाणे-रवंथ मंदावते, पोट फुगते आणि अखेर शस्त्रक्रियेवाचून इलाज उरत नाही. जनावर मात्र बाहेरून केवळ अशक्त दिसत असते.

महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये पिशव्या आणि थर्माकोलच्या वस्तूंवर व्यापक बंदी आणली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड ठरला. परंतु मायक्रॉन डोळ्यांनी मोजता येत नाही, आणि हातगाडीवरच्या भाजीवाल्याकडे जाडी मोजण्याचे उपकरण नसते. वितळलेले पॉलिथिन फुग्यासारखे फुगवून त्याचा पातळ पापुद्रा काढणारी यंत्रे ठरावीक कारखान्यांत असतात. तपासणीचा भर तिथे असायला हवा होता. याखेरीज वेफर्स आणि शाम्पूच्या बहुस्तरीय वेष्टनांत प्लास्टिकचे वेगवेगळे थर, अनेकदा ॲल्युमिनियमसह, एकमेकांना चिकटलेले असतात. ते वेगळे करणे कठीण असल्याने भंगारात त्यांना जवळजवळ किंमत नाही, आणि १ जुलै २०२२ च्या केंद्रीय बंदीच्या यादीतही अशी वेष्टने नाहीत. उत्पादकाने आपले वेष्टन परत गोळा करून त्याची विल्हेवाट लावावी, हे विस्तारित उत्पादक जबाबदारीचे तत्त्व आता नियमांत आहे. त्यातला पैसा कचरा वेचणाऱ्या हातापर्यंत किलोमागे भाव म्हणून पोहोचला, तरच ही वेष्टने नाल्याऐवजी काट्यावर येतील.