भाड्यासाठीं पहिलें घर

पगारदार माणसाच्या हातीं चार पैसे उरूं लागले, कीं एक विचार त्याच्या मनांत हटकून येतो. एखादें लहानसें घर कर्जानें घ्यावें, तें भाड्यानें द्यावें, आणि येणाऱ्या भाड्यांतून कर्ज परस्पर फिटूं द्यावें. कल्पना मोहक आहे; परंतु ती आंकड्यांत मांडून पाहिल्याखेरीज तिच्यांतील खांच ध्यानांत येत नाहीं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जांत घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळूं शकते. त्यापुढें ७५ लाखांपर्यंत ही मर्यादा ८० टक्के, आणि त्याहून मोठ्या कर्जास ७५ टक्के आहे. यावरून दहावा हिस्सा जवळ असला म्हणजे झालें, असा समज होतो. पण दहा लाखांवरील घराच्या बाबतींत मुद्रांक शुल्क व नोंदणी यांचा खर्च या किमतींत धरीत नाहींत. पुण्यासारख्या शहरांत मुद्रांक शुल्क ७ टक्के व नोंदणी १ टक्का धरल्यास, २५ लाखांच्या सदनिकेस अडीच लाख स्वतःचा वांटा आणि दोन लाख सरकारचें देणें, असे साडेचार लाख रुपये आरंभींच लागतात. ही रक्कमही दुसऱ्या कर्जानें उभी करणें म्हणजे एका ओझ्यावर दुसरें ओझें चढविणें होय.

खरी कसोटी यापुढेंच आहे. उरलेले साडेबावीस लाख ८.५ टक्के व्याजानें २० वर्षांसाठीं घेतल्यास मासिक हप्ता सुमारें १९,५०० रुपये पडतो. वर्षाचें भाडें किमतीच्या ३ टक्के आलें, तर महिन्यास ६,२५० रुपयेच मिळतात. म्हणजे दरमहा १३,००० हून अधिक रुपये पगारांतून घालावे लागतात. सोसायटीची वर्गणी, मालमत्ता कर आणि घर रिकामें राहील ते महिने निराळेच. एवढ्या भाड्यांत सगळा हप्ता बसावयाचा, तर कर्ज सुमारें सात लाखांहून अधिक असतां कामा नये.

पगारांत खंड पडला तर काय होतें? हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला, कीं खातें अनुत्पादित ठरतें. मग ६० दिवसांची नोटीस येते, आणि २००२ च्या सरफेसी कायद्यान्वयें बँकेस दावा न लावतां घराचा ताबा घेण्याची कारवाई करतां येते.

यावर उपाय नाहींत असें नाहीं. पतिपत्नींनीं मिळून कर्ज घेतल्यास दोघांचें उत्पन्न धरलें जातें. मात्र संपूर्ण फेडीची जबाबदारी दोघांवरही राहते. घरांत स्वतः राहून एखादी खोली भाड्यानें दिल्यास स्वतःचें भाडें वांचतें व वर थोडें उत्पन्नही होतें. ज्यांची पुंजी फारच थोडी, त्यांस स्थावर मालमत्तेच्या न्यासांचे, म्हणजे ‘रीट’चे, युनिट शेअरबाजारांत एकेक करून घेतां येतात. ही सोय २०२१ सालीं झाली. त्यांत कर्ज नको, पण भावाची चढउतार सोसावी लागते.

घर घेण्याचा निश्चयच असेल, तर त्यापूर्वीं वर्षभर हप्ता व भाडें यांतील फरक दरमहा बँकेंत टाकून पाहावा. बारा महिने तो बिनचूक पडला, तर दीड लाखाची गंगाजळी आपोआप सांठते आणि हप्ता पेलेल कीं नाहीं तेंही कळतें. मध्येंच हात आंखडला, तर घर न घेतांच धडा मिळाला. आणि जमलेले पैसे तर आपलेच राहिले.