मीटरचा आकडा वाचताना

फायबरच्या बोटीच्या तळाला मॉइश्चर मीटर टेकवला आणि काटा २० वर गेला, म्हणून तळात २० टक्के पाणी मुरलं असं नव्हे. बहुतेक मीटरांची मापपट्टी लाकडासाठी आखलेली असते. फायबरवर आकडा फक्त तुलनेपुरता: सदैव पाण्यात असलेला भाग आणि वरची कोरडी बाजू यांतला फरक पाहायचा.

मीटर फसतोही. तळाच्या रंगातलं तांबं, आतून टेकलेली पाण्याची टाकी, पृष्ठभागावरचं मीठ, सगळ्यांनी काटा उडतो. म्हणून रंग खरवडून, गोड्या पाण्याने धुऊन, तळ नीट वाळवूनच मोजावं. शिवाय हातोडीच्या मुठीने ठोकून बघावं; खणखणीत आवाजाच्या मध्येच बद्द आवाज आला तर थर सुटल्याची शंका घ्यावी. फोडातून चिकट, व्हिनेगरसारख्या वासाचा द्रव निघाला तर पाणी रेझिनपर्यंत पोचलंय. (टोचताना डोळ्यांवर चष्मा हवाच; तो द्रव दाबाने उडतो.)

कोकणात १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्यावर असतात, पण मोजणीला हेच दिवस सगळ्यात वाईट: पावसात तळ वाळतच नाही. जुनी बोट घेताना निव्वळ मीटरवर सौदा करू नका, मोडूही नका.